एक्सरे शिवणारे मन्मथअप्पा

दवाखान्यात माणसाला टाके घालतात हे सगळ्यांना माहीत आहे. पण एक्सरेला टाके घालणारा माणूस तुम्ही पाहिला नसेल. मी पाहिला आहे. नुसता पाहिला नाही, त्याच्या शेजारी बसून नोकरीची बरीच वर्षं काढली आहेत.

परभणीत स्टेशनकडे जाणाऱ्या रस्त्यावर डॉक्टर सोनपेठकरांचा दवाखाना होता. मी तिथे केसपेपरच्या खिडकीत बसत असे. माझ्या खिडकीला लागून एक काळ्या पडद्याची खोली होती, आणि त्या खोलीत एक्सरे काढणारे मन्मथअप्पा. उंच, वाळलेले, कपाळावर भस्माचे पट्टे, गळ्यात लिंग, अंगात पांढरा सदरा आणि सदऱ्याच्या कॉलरला कायम टोचलेली एक सुई. सुईत दोरा ओवलेला. लोक खिशाला पेन लावतात, तशी अप्पा ही सुई लावत.

फिल्म वाळली की अप्पा ती घेऊन माझ्या खिडकीशी येत. पेशंटचा केसपेपर मागून घेत, तो फिल्मच्या कडेला लावत, स्टुलावर मांडी घालून बसत आणि शिवायला लागत. डॉक्टर कपाळाला हात लावत. म्हणत, “अहो अप्पा, टाचणी आहे, क्लिप आहे, गोंद आहे. सुई कशाला?”

“टाचणी गंजती सायेब. किलिप निसटती. गोंदाला झुरळं लागत्यात. दोरा कसा, धरून ऱ्हातोय.”

“पण शिवायचंच कशाला मुळात?”

यावर अप्पांचं उत्तर ठरलेलं होतं. “फोटो मंजी निस्ती हाडं. हाडाला नाव नसतंय. नाव कागदावर आसतंय. हाडं नावाजवळ ऱ्हायली पायजेत.”

तसं त्यांचं खूळ अगदीच बिनबुडाचं नव्हतं. आमच्या दवाखान्याचा जुना रिवाज असा, की फोटो पेशंटबरोबर घरी जायचा आणि कागद माझ्या मागच्या मांडणीत पडून राहायचा. घरी गेलेल्या फोटोचं काय व्हायचं ते विचारू नका. कुणी फुटक्या खिडकीला काचेऐवजी लावायचं. कुणी ग्रहण बघायला डोळ्यांपुढे धरायचं. गंगाखेडच्या एका गृहस्थांनी तर स्वतःच्या मांडीचं मोडकं हाड देवघराशेजारी टांगलं होतं आणि आल्यागेल्याला चहाआधी ते दाखवत. मग वर्षभराने पेशंट पुन्हा दुखतंय म्हणून आला, की हातात फोटो नसायचा आणि माझ्याकडच्या कागदावर डॉक्टरांनीच लिहिलेलं असायचं : फोटो पाहावा.

“बगा,” अप्पा मला म्हणायचे, “कागुद मनतो फोटोला इचारा. फोटो पडलाय खिडकीत पाऊस खात. कुनाला इचारता आता?”

शेवटी डॉक्टर शरण आले. एक पत्र्याचं कपाट आलं, फोटो आणि कागद त्यात एकत्र राहू लागले, आणि पेशंट दुसऱ्या गावी दाखवायला निघाला तर दोन्ही बरोबर जाऊ लागले. शिवून, अर्थात. कपाट मिळालं तरी सुई काही कॉलरवरून उतरली नाही.

आता इतकं शिवणाऱ्या माणसाचा हात निदान बरा असावा की नाही? छे. अप्पांचा टाका म्हणजे बैलानं मुतत जावं तसा. एक इकडं, एक तिकडं, मध्येच गाठ. डॉक्टर फोटो उजेडाला धरून विचारत, “अप्पा, ही भोकं पेशंटची का तुमची?” एकदा तर त्यांनी गप्पांच्या नादात स्वतःची बाहीच आत शिवून टाकली. डॉक्टरांनी घाईनं फोटो ओढला, तर फोटोमागं अप्पाही टेबलापर्यंत ओढले गेले. वर डॉक्टरांनाच म्हणाले, “सावकास, सायेब. टाका मजबूत हाय मनून बरं.”

अप्पांना माणसांचे चेहरे लक्षात राहत नसत. बाजारात कुणी नमस्कार केला तर ते नुसते बघत उभे राहायचे. मग हळूच पुढे होऊन त्याच्या खांद्यावर बोट दाबायचे आणि एकदम खुलायचे. “अरे, पाथरीचा खांदा! बसला का नीट?” भर बाजारात कुणाला ‘उजवी बरगडी’ म्हणून हाक मारली की तो माणूस लाजायचा, पण थांबायचा. पुष्कळांना ते आवडायचंही. आपलं हाड कुणीतरी ध्यानात ठेवलंय, ही काही लहान गोष्ट नाही.

फोटो काढताना अप्पा पडद्याआडून ओरडत, “दम घ्या… धरा… हालू नगा… सोडा!” आणि प्रत्येक पेशंटबरोबर स्वतःही दम धरत. मी एकदा म्हटलं, तुम्ही कशाला धरता? तर म्हणाले, “त्येला एकट्याला कसं धरायला लावू?” संध्याकाळपर्यंत पेशंटपेक्षा अप्पांनाच जास्त धाप लागलेली असायची.

छातीचा फोटो म्हणजे मोठा कारभार. गळ्यातलं सगळं काढावं लागे. ताईत निघायचा, गंडा निघायचा, पण बायका मंगळसूत्र काढायला तयार होत नसत. नवरा बाहेर बाकड्यावर जिवंत बसलेला, आणि गळा मोकळा करायचा म्हणजे काय! यावर अप्पांनी आपली युक्ती काढली होती. खोलीत खुंटीवर ते हळदीत भिजवलेला दोरा ठेवत. बाईनं आधी तो गळ्यात बांधायचा, मग मंगळसूत्र काढायचं, फोटो झाला की आधी मंगळसूत्र घालायचं, मग दोरा सोडायचा. गळा एक क्षणही मोकळा नाही. त्यामुळे आसपासच्या खेड्यांतल्या बायका म्हणायच्या, फोटो काढायचा तर अप्पांच्याच खोलीत. लिंगायत माणूस आला तर अप्पा त्याला गळ्यातलं लिंग डाव्या तळहातावर घ्यायला लावून हात वर करायला सांगत. लिंग अंगापासून दूर होत नसे आणि छातीही मोकळी राहत असे.

ही युक्ती एकाच ठिकाणी अडली. ते ठिकाण म्हणजे पिंगळीच्या गंगाअक्का.

अक्का म्हणजे साठी ओलांडलेली, कपाळभर भस्म लावलेली, जुन्या लुगड्यांच्या वाकळा शिवून पोट भरणारी विधवा बाई. मूलबाळ नव्हतं. खोकला काही केल्या जात नव्हता म्हणून पुतण्या बसवंता त्यांना आगगाडीनं परभणीला घेऊन आला होता. डॉक्टरांनी छातीचा फोटो सांगितला. अप्पा म्हणाले, “अक्का, लिंग हातावर घ्या आन् हात वर करा.”

“हात वर जात न्हाई बाबा. खांदा धरलाय.”

“मग घटकाभर काढून माज्या हातात द्या. म्याबी तुमच्यातलाच हाय.”

“तुज्या हातात? अरं, लगनाच्या आदीपून गळ्यात हाय ते. काढलं तर जीवच गेला समज!”

अक्कांचं लिंग चांदीच्या डबीत नव्हतं, कापडात गुंडाळून छातीवर बांधलेलं होतं. अप्पांनी थोडा वेळ विनवलं. पण स्वतःच्या गळ्याकडे बघून त्यांनी नाद सोडला. “ऱ्हाऊ द्या,” म्हणाले. “दम घ्या… धरा…” फोटो निघाला. बरगड्यांच्या मधोमध लिंबाएवढा पांढरा गोळा. अप्पांनी कागदावर लाल पेन्सिलीनं ठसठशीत लिहिलं : ‘छातीवर गोल दिसते ते लिंग आहे, गाठ नाही.’ मग स्टुलावर बसून दोन्ही शिवायला घेतलं.

अक्का बाकावरून बघत होत्या. त्यांना ते बघवेना. “ह्ये काय करायलायस?”

“शिवायलाव, अक्का.”

“ह्येला शिवणं मनतात व्हय? डोळं मिटून शिवायलास का? आन् दोरा एवढा लांब कामून घेतलायस? आळशी मानूस लांब दोरा घेतंय.”

डॉक्टरांनी इतकी वर्षं बोलूनही अप्पा कधी वरमले नव्हते. अक्कांपुढे मात्र त्यांनी मान खाली घालून दोरा तोडून आखूड केला. डॉक्टरांनी, नांदेडला छातीच्या मोठ्या डॉक्टरांना एकदा दाखवून घ्या, असं सांगितलं आणि अक्का ते पुडकं काखोटीला मारून गेल्या. अप्पा त्यांना स्टेशनपर्यंत पोचवून आले. मला जरा नवल वाटलं, कारण अप्पा कुणाला दवाखान्याच्या पायरीपर्यंतही पोचवायला जात नसत.

थोड्याच दिवसांनी बसवंता एकटाच माझ्या खिडकीशी आला. तोंड उतरलेलं. म्हणाला, “सायेब, नांदेडच्या डाक्तरनं मनलं छातीत गाठ हाय. भरती केलंय. मोटं डाक्तर आले की आपरेशन करायचं का न्हाई ते ठरवणार. पयले कागद मागितलेत.”

पडदा बाजूला सारून अप्पा बाहेर आले. चेहरा पांढराफटक. “कागद? कागद फोटोला शिवलाय की!”

तेव्हा बसवंताकडून कळलं ते असं. घरी गेल्यावर अक्कांना अप्पांचा तो वाकडा टाका सहन होईना. रोज नजर जायची आणि रोज चीड यायची. शेवटी नीट शिवून देते म्हणून त्यांनी सगळे टाके उसवले. तेवढ्यात बसवंता गाडीची वेळ झाली म्हणून ओरडत आला, समोर दिसला तो फोटो उचलला आणि म्हातारीला घेऊन निघाला. कागद घरीच राहिला, आणि नांदेडला तोच मागतायत हे बसवंताच्या ध्यानातच आलं नाही. नांदेडला अक्का बाहेर ओट्यावर बसल्या होत्या, आत एका तरुण डॉक्टरनं नुसता फोटो बघितला, आणि त्या गोळ्याला दुसरं काय म्हणणार तो?

“लिंग हाय ते!” अप्पा ओरडले. “लिंग हाय! म्या ल्हिलं व्हतं की!” मग एकदम स्टुलावर बसले आणि हळू आवाजात मला म्हणाले, “माजीच चूक. म्या काढायला लावायचं व्हतं. म्हातारीला कापतील हो दिगूभाऊ.”

डॉक्टर सोनपेठकरांनी नांदेडला ट्रंककॉल लावला, तो काही लागेना. ते दिवस मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतराचे होते. आज बंद, उद्या मोर्चा; एसटी निघेल की नाही हे डेपोतल्या माणसालाही सांगता येत नसे. त्या दिवशीही बंदच होता. आगगाडी तेवढी चालू होती. डॉक्टर मला म्हणाले, “तुम्ही जा यांच्याबरोबर. एकटे गेले तर नांदेडचा आख्खा दवाखाना शिवून येतील.” बसवंताला ज्वारीच्या काढणीची घाई होती. तो आपल्या शेतावर गेला आणि आम्ही दोघं स्टेशनवर.

पिंगळीला उतरून आधी अक्कांचं घर गाठलं. शेजारच्या कौसाबाईंनी दार उघडून दिलं. एकच खोली, आणि खोलीभर चिंध्यांचे ढीग. अप्पा त्या ढिगात कोपरापर्यंत हात घालून शोधायला लागले. कागद कुठेच नाही. कौसाबाई दारात उभ्या राहून बघत होत्या. शेवटी म्हणाल्या, “तुमी त्यो लाल ल्हिलेला कागुद तर धुंडत न्हाईत?”

“हाव! कुटं हाय?”

“त्यो वाकळंत हाय. अक्कानं चुरगळू ने मनून दोन थरांत ठिवला व्हता. आन् मला मनल्या व्हत्या, तेवढी कड घालून ठिव. मंग म्या घातली.”

कौसाबाईंनी वाकळ पुढे केली. चारी बाजूंनी कड शिवलेली, आणि दाबून बघितलं तर आत कागद कुरकुरत होता. मी म्हटलं, “अप्पा, काढा ब्लेड. उसवा.”

अप्पांनी वाकळ उजेडात नेली. कड कौसाबाईंची असली तरी मधला सगळा टाका अक्कांचा होता. तांदळाच्या दाण्याएवढा, एकासारखा एक, ओळीत चाललेला. त्यावरून बोट फिरवत ते कितीतरी वेळ उभे राहिले. “न्हाई उसवायचं,” म्हणाले.

“अहो, गाडी यायची वेळ झाली. तिकडं ऑपरेशन…”

“आसंच नेऊ.”

आणि खरंच, ती वाकळ गुंडाळून डोक्यावर घेऊन अप्पा निघाले. दुपारच्या पॅसेंजरला गर्दी होती. लोकांना वाटलं वाकळ विकायला निघालाय. एकानं भावही विचारला. अप्पा त्याला गंभीरपणे म्हणाले, “इकायची न्हाई. पेशंटचा कागद हाय हा.” तो माणूस पूर्णा येईपर्यंत आमच्यापासून जरा सरकूनच बसला. अप्पांचं त्याच्याकडे लक्षच नव्हतं. दर स्टेशनला ते मला विचारत, “पोचेपरेंत नेतील का हो आत?” आणि मी दर वेळी नाही म्हणे. मलाही काय माहीत होतं! पण दुसरं बोलणार तरी काय?

नांदेडला उतरल्यावर अप्पा जवळजवळ पळतच दवाखान्यात शिरले. वॉर्डात कोपऱ्यातली खाट. खाटेवर गंगाअक्का पाय पसरून बसल्या होत्या आणि शेजारच्या खाटेवरच्या बाईला तिच्या लुगड्याची ठिगळं कशी चुकीची लावली आहेत ते सांगत होत्या. अप्पा दारातच थबकले आणि त्यांनी डोक्यावरची वाकळ खाली ठेवली.

“आलास व्हय?” अक्का म्हणाल्या. “आन् माजी वाकळ कामून उचलून आनलीस?”

अप्पांना धाप लागली होती. म्हणून मीच सगळं सांगितलं. ऐकता ऐकता अक्का हसायला लागल्या, हसता हसता खोकल्या. “अरं, मोटं डाक्तर सकाळीच आलं व्हतं. त्येनं मला उजेडात हुबं केलं. फोटो धरला माज्या छातीम्होरं. मंग ह्या गाठोड्याला बोट लावून इचारलं, आजी ह्यात काय? मनलं, माजा देव. तर पोट धरून हसलं बापडं. मनलं, ही गाठ न्हाई काढायची आजी, ऱ्हाऊ द्या.”

म्हणजे आमची सगळी धावपळ फुकट गेली होती. मला हसू आलं. अप्पांना मात्र त्याचं काहीच नव्हतं. ते खाटेच्या कडेला बसून “बरं झालं, बरं झालं” एवढंच म्हणत होते.

संध्याकाळी मोठे डॉक्टर फेरीला आले. परभणीहून वाकळीतून केसपेपर आलाय हे त्यांना सिस्टरनं सांगितलं होतंच. त्यांनी वाकळ दाबून आतला कागद कुरकुरवून बघितला आणि पुन्हा हसले. म्हणाले, “आमच्याकडे फोटो एका इमारतीत आणि कागद दुसरीत. पेशंट बिचारा मधल्या रस्त्यावर. तुमच्यासारखा एखादा वेडा आम्हाला पण पाहिजे, अप्पा.” अक्कांचा खोकला चिंध्यांच्या धुळीचा होता. गोळ्या लिहून दिल्या आणि तोंडाला फडकं बांधून शिवत जा म्हणून बजावलं.

डॉक्टर गेल्यावर सिस्टरनं विचारलं, “आजींना उद्या सकाळी सोडायचंय. भरती झाल्यापासून एकट्याच आहेत. यांचं माणूस कोण?” तिनं अप्पांकडे बघितलं. “तुम्ही कोण यांचे?”

प्रत्येक प्रश्नाला उत्तर तयार ठेवणारे अप्पा कॉलरची सुई चाचपू लागले. अक्काच म्हणाल्या, “त्योच माजं मानूस. लिव्ह.”

सकाळच्या गाडीत आम्हाला खिडकीशी जागा मिळाली. अक्कांनी पदराखालून भाकरीचा तुकडा काढून अप्पांच्या हातावर ठेवला आणि चौकशी सुरू केली. “घरी कोन कोन आसतंय तुज्या?”

“म्या हाय की.”

“आन् बायकू?”

“मठात वाढलेल्याला कोन देतंय बायकू, अक्का?”

“मंग सनाला कुटं जातूस?”

“दवाखान्यात. सनाला बी हाडं मोडत्यात.”

मी हसलो. अक्का हसल्या नाहीत. “आई?” त्यांनी विचारलं.

अप्पा खिडकीबाहेर बघत म्हणाले, “म्या लय ल्हान आसतानाच गेली. मठात सोडताना मामानं तिचं नाव तेवढं सांगितलं. भागीरथी. फोटो कुटला त्या काळात! निस्तं नाव हाय माज्याकडं, अक्का. तोंड म्हाईत न्हाई. कशी दिसत आसंल मनून लय येळा डोळं मिटून बगतो. काईच येत न्हाई.”

हे त्यांनी अगदी साध्या आवाजात सांगितलं. इतकी वर्षं एका भिंतीला लागून आम्ही बसत होतो, आणि हे मी पहिल्यांदाच ऐकत होतो. अक्कांनी अप्पांच्या तोंडाकडे बघितलं, मग पदरानं त्यांच्या दाढीला लागलेला भाकरीचा कण पुसला आणि तो हात तसाच त्यांच्या गालावर राहू दिला. अप्पा हलले नाहीत. दम धरल्यासारखे बसून राहिले.

पिंगळी आली. अप्पांनी वाकळ खांद्यावर टाकली, अक्कांना हात देऊन खाली उतरवलं. मला वाटलं, सामान ठेवून परत चढतील. गार्डानं शिट्टी दिली तरी ते फलाटावरच. अक्कांनी त्यांचं मनगट धरलं होतं.

“अहो अप्पा, चढा की! गाडी सुटली!”

“तुमी व्हा म्होरं,” अप्पा म्हणाले.

“आणि डॉक्टरांना काय सांगू?”

गाडी हलली. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, ते मी इंजिनाच्या कोळशावर ढकललं आणि डोळे पुसत खिडकीतून मान बाहेर काढली. अप्पा अक्कांच्या शेजारून चालायलाही लागले होते. तिथूनच मागे वळून त्यांनी ओरडून सांगितलं, “चार दिस येत न्हाई मना. घरी गेलाय मना!”